एका दाताचा फरक

शेवंतीचा नवरा महिपत त्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसला, तो काही बायकोला मदत करायला नव्हे. ती कशी तोंडघशी पडते, ते जवळून बघायला मिळावं म्हणून. त्याला पहिल्या मजल्यावरून खाली उतरवायलाही शेवंतीच लागली. त्याचा लुळा उजवा हात तिने स्वतःच्या मानेभोवती घेतला, पायरी-पायरीवर थांबली, आणि पायरीगणिक एकेक शिवी ऐकत त्याला खाली आणून बसवला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने महिपतची उजवी बाजू नेली, तोंडाचा पट्टा मात्र शाबूत ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ बघायचा असेल तर डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या या तीन मजली इमारतीत यावं.

पैज आदल्या दुपारी लागली होती. महिपतचा पुतण्या दिपेश कल्याणला राहतो, भाड्याच्या गाड्या चालवतो. त्याला महिपतने फोन लावला आणि शेवंतीला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, "उद्या पाच वाजता ये रे. काकूची हौस फिटली की गाडीला दोरी लाव आणि ओढून ने. पार्ट काढ, भंगारात घाल, काय करायचं ते कर."

"आणि चालू झाली तर?" शेवंतीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"चालू झाली तर ठेव तुझ्या बोडक्यावर! तुझी गाडी!"

"दिपेश, ऐकलंस ना रे?"

"ऐकलं काकू," फोनमधून दिपेश म्हणाला. त्याला या घरातल्या भांडणात पडायचं नव्हतं, पण ऐकलं होतं हे खरं.

शेवंतीला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. ती पोळ्या लाटते. एकोणीस वर्षं लाटते आहे. महिपत मानपाड्याच्या ज्या कंपनीत फिटर होता ती बंद पडली, तेव्हापासून या घराची चूल तिच्या लाटण्यावर पेटते. घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसचं कॅन्टीन मैथिली नावाची मुलगी चालवते. तिने शेवंतीच्या पोळ्या खाल्ल्या आणि रोजच्या दोनशे सांगितल्या. अट एकच, अकराच्या आत पोचल्या पाहिजेत. दोनशे पोळ्यांचे डबे घेऊन रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा हे शक्य नव्हतं. "सोमवारी नाही आल्या तर मला दुसरं कोणी बघावं लागेल हां काकू," मैथिली गोड आवाजात म्हणाली होती. गोड आवाजात म्हटलं तरी अर्थ तोच होता. गाडीशिवाय धंदा वाढणार नाही हे शेवंतीला आधीच दिसत होतं, म्हणून सहा महिन्यांपूर्वीच तिने कोणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी लायसन्स काढलं. ते तिने देवघरात ठेवलं तेव्हा सासूने, गंगूबाईने, ते उचलून टीव्हीवर टाकलं.

आता प्रश्न गाडीचा. महिपत अंथरुणाला खिळला तेव्हापासून ती दोन वर्षं जागची हलली नव्हती. नाक्यावरचा गॅरेजवाला बघायला आला, त्याने बॉनेट उघडून आत हात घातला आणि म्हणाला, "इंजिनाचा पट्टा सुकलाय मावशी. चिरा पडल्यात. सुरू कराल आणि पट्टा तुटेल, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतील. इंजिन गेलं समजा." आणि त्याने जो खर्च सांगितला तो ऐकून शेवंतीने त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. कल्याणहून नवा पट्टा तिने स्वतः आणला. तो बसवायचाही स्वतःच ठरवलं.

यात बढाई नव्हती. लग्न होऊन माणगावकडच्या खेड्यातून ती डोंबिवलीला आली, तेव्हापासून महिपतने जे काही उघडलं, स्कूटर, पंप, शेजाऱ्यांच्या गाड्या, त्यावर बॅटरीचा उजेड तिने धरलेला. "वर धर. खाली धर. हात कापतोय का तुझा, मूर्ख!" असं ऐकत वीस वर्षं बॅटरी धरली की माणूस न शिकवताही शिकतो. उजेड नेमका कुठे पाडायचा हे ज्याला कळतं त्याला काम कुठे चाललंय तेही कळतं. महिपतला हे कधी सुचलं नाही. त्याच्या लेखी ती बॅटरीची मूठ होती.

आणि त्यातही अकरा वर्षं तिला गाडीला शिवायची बंदी होती. ती हकिगत सांगायलाच हवी.

अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला महिपतने याच गाडीचा हाच पट्टा बदलायला काढला होता. सकाळी सगळं उघडून झालं, जुना पट्टा उतरला, हत्यारं पोत्यावर मांडली. दसराच तो, गंगूबाई ताट घेऊन खाली आली आणि पान्हे, जॅक, उघडं इंजिन, सगळ्याची हळद-कुंकू वाहून पूजा केली. शेवंती त्या दिवशी बाजूला बसलेली होती, पाळीचा दुसरा दिवस. जेवणं झाली, श्रीखंडाने डोळे जड झाले, आणि महिपतला पट्टा चढवताना उजेड कमी पडला. "शेवंते, बॅटरी आण गो!" असं त्यानेच हाकारलं. ती गेली. त्यानेच बोलावलं म्हणून गेली.

त्या दिवसापासून गाडी बिघडली. सुरू व्हायची, चालायची, पण जीव नसल्यासारखी. चौघं बसले की साध्या चढावर दम टाकायची, पेट्रोल ढोसायची, सिग्नलला थडथड उडायची. महिपतने प्लग बदलले, फिल्टर बदलले, आणि दिवाळीत सगळे गावी निघाले तेव्हा वाटेतल्या चढावर गाडी मागे सरकायला लागल्यावर गंगूबाईने निकाल दिला. "दसऱ्याच्या पूजेला विटाळशी बाई शिवली. आणखी काय व्हायचंय?" महिपत कारखान्यात शिकलेला माणूस. लोखंडाला विटाळ होत नाही हे त्याला कळत होतं. पण नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगण आईनेच वाकडं म्हणून दिलेलं. तो म्हणाला, "आजपासून गाडीला हात लावायचा नाही तू." ते गावभर झालं, इमारतभर झालं. पुढची नऊ वर्षं, गाडी चालत होती तोवर, घरचे गाडीने गावी जायचे आणि शेवंती एस.टी.ने. भाचीच्या लग्नाला ती पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. हे सगळं तिने गिळलं, आणि गिळलेलं पचलं मात्र नाही.

तर रविवारी सकाळी नऊ वाजता शेवंतीने साडीचा पदर कमरेला खोचला, मागच्या चाकाला विटा लावल्या आणि गाडीच्या बॅटरीची तार सोडली.

"नट जॅक लावायच्या आधी ढिले करतात," महिपत म्हणाला.

"तेच करतेय."

"करतेय म्हणे. मोठी आली."

वर खिडकीत गंगूबाई येऊन बसली होती. ऐंशी वर्षांची, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर घारीची. "अगो, साडी तरी बदलायचीस! तेलात माखशील आणि त्याच हातांनी पोळ्या लाटशील लोकांच्या!" ती ओरडली. शेवंतीने वर बघितलंच नाही.

उजवं चाक निघालं. आतलं प्लॅस्टिक निघालं. मग आला खालच्या पुलीचा मोठा बोल्ट, कित्येक वर्षं जागचा न हललेला. गाडी गियरमध्ये घातली, ब्रेक दाबून राहावा म्हणून सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक जुनं लाटणं अडकवलं, पान्ह्याला नळाचा लांब पाइप घातला आणि ती त्यावर ओणवी झाली. हलेना. पुन्हा. हलेना. महिपत हसायला लागला. त्याचं हसू आता अर्ध्याच तोंडाचं होतं, पण कुचेष्टा पूर्ण होती.

"बायकांचं काम नाय ते. दिपेशला सांगतो लवकर ये म्हणून."

शेवंती पाइपवर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि सत्तर किलो वजन एकदम टाकलं. कडाक् करून आवाज झाला. तिला वाटलं मोडलं काहीतरी. पण बोल्ट सुटला होता, आणि महिपतने मोबाइल खिशात ठेवला.

दुपारी एकच्या सुमाराला झाकण निघालं आणि आतली दोन चाकं दिसली. खालचं लहान, ते पिस्टन हलवणाऱ्या दांड्याचं. वरचं मोठं, ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं. दोघांना बांधणारा तो दातेरी पट्टा. सगळा खेळ एवढाच, की खालचं चाक आपल्या खुणेवर असेल तेव्हा वरचंही आपल्या खुणेवर पाहिजे. एक दात इकडे-तिकडे झाला तर व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. दोन-चार दात झाले तर पिस्टन येऊन त्यांना धडकतो. शेवंतीने प्लग काढले, पान्ह्याने खालचं चाक सावकाश फिरवत त्याची खूण बाणासमोर आणली आणि वर पाहिलं.

वरच्या चाकाच्या एका दातावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, आणि तो मागच्या खाचेसमोर अगदी नीट उभा होता. जुळलेलं होतं म्हणायचं. पण अगदी शेजारच्या दातावर लोखंडातच ठोकलेला एक बारीक खड्डा होता, गंज चढलेला. कंपनीची खूण ठोकलेली असते, रंगवलेली नसते. एवढं तिला वीस वर्षांच्या उजेडात दिसलेलं होतं.

"पांढरा ठिपका खाचेला लाव," महिपत खुर्चीतून म्हणाला. "जुना पट्टा जसा होता तसा नवा चढव. अक्कल चालवू नकोस."

"कंपनीची खूण ही बाजूला आहे."

"ती दुसऱ्या मॉडेलची. एकच चाक दोन इंजिनांना जातं, म्हणून दोन खुणा असतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की शेवंतीचा हात थांबला. असं असतं, हे तिनेही ऐकलेलं होतं. त्याचं ऐकलं तर गाडी चालू होणार हे नक्की, नऊ वर्षं चालू होतच होती. पण तशीच, मेल्यासारखी. दोनशे पोळ्यांचे डबे आणि घोडबंदरची रहदारी घेऊन ती गाडी एका महिन्यात बसली असती. आणि स्वतःचं ऐकलं आणि महिपतच खरा निघाला, तर इंजिन आजच बसणार. पाच वाजता दिपेश दोरी घेऊन उभा राहणार. मग पुढचं सगळं आयुष्य "सांगितलेलं ऐकत नाही" हे ऐकत काढायचं. तिला मनापासून भीती वाटली. घाम पुसायला हात वर केला तो काळाच होता, कपाळही काळं झालं.

तिने मोबाइलचा उजेड चाकावर धरला आणि पांढरा ठिपका नखाने खरवडला. का खरवडला, तिलाही सांगता आलं नसतं. रंगाचा पोपडा सुटला. खाली लाल निघालं.

फिटरच्या पेन्सिलीचा लाल रंग चकचकीत असतो. हा कोरडा, भुरभुरीत, दाताच्या खोबणीत बसलेला. तिने बोट लावून बोट डोळ्यांसमोर आणलं. कुंकू होतं.

शेवंती चाकाजवळ जमिनीवर बसली, आणि अकरा वर्षांपूर्वीचा दसरा तिच्या डोळ्यांसमोर असा उलगडला जसा तेव्हा दिसला नव्हता. पट्टा उतरवण्याआधी महिपत दातावर लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, कंपनीतली सवय. त्या दिवशीही दिलेला. मग गंगूबाई ताट घेऊन आली. पूजेआधी वस्तू पुसून घ्यायची, देवाला मळकं कसं चालेल? तिने ओल्या फडक्याने ते चाकही पुसलं, महिपतची खूण पुसली, आणि भक्तिभावाने शेजारच्या दाताला कुंकू लावलं. शेवंती लांब बसून ते बघत होती. जेवून आलेल्या महिपतने लाल ठिपका पाहिला आणि आपलाच समजला. एका दाताचा फरक. अकरा वर्षं.

इथवर तिला हसूच आलं असतं. पण पोपडा पांढरा होता, आणि कुंकवावर तो आपोआप चढलेला नव्हता.

तो कधी चढला तेही तिला आठवलं. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी महिपतने हे झाकण पुन्हा उघडलं होतं. "गाडीला शिवू नको, लांबून बॅटरी धर," म्हणाला होता. बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. मग एकाएकी खेकसला, "तोंड तिकडे कर, उजेड डोळ्यांत येतोय." उजेड चाकावर होता, डोळ्यांत कुठून येणार? तरी तिने तोंड फिरवलं. तिला फक्त रंगाचा वास आला होता.

म्हणजे त्याला कळलं होतं. आठ वर्षांपूर्वी, स्वतःच्या डोळ्यांनी. पाच मिनिटांत दुरुस्त झालं असतं. पण दुरुस्त केली असती तर गाडी पळाली असती, आणि गाडी पळाली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं की अरे, काय केलंस? मग सांगावं लागलं असतं, की चूक माझी आणि आईच्या कुंकवाची, बायकोची नव्हे. ते सांगण्यापेक्षा माणसाने लंगडी गाडी चालवली. आजारी पडेपर्यंत सहा वर्षं चालवली, पेट्रोल जाळलं, चढावर मागे सरकला, पण बोलला नाही.

शेवंती उठली. लाल झालेलं बोट तिने त्याच्या तोंडासमोर धरलं.

"हे काय आहे?"

महिपतने बघितलं आणि नजर वळवली.

"तुम्हाला कळलेलं."

 त्याची डावी मूठ आधाराच्या काठीवर उघडत-मिटत राहिली. वर खिडकीत गंगूबाईने विचारलं, "काय गो, काय झालं? मोडलंस ना काहीतरी?"

"आईला सांगू नकोस," महिपत पुटपुटला. दिवसभरात खालच्या आवाजात बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

शेवंतीला इतका राग आला की हातातला पान्हा तिने मुद्दाम खाली ठेवला. तो हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "आधी गाडी."

मग तिचा हात थांबला नाही. जुना पट्टा उतरवला. वरचं चाक एक दात फिरवून गंजलेला खड्डा खाचेसमोर आणला. नवा पट्टा खालच्या चाकापासून वर, एका बाजूने ताठ ठेवत चढवला. ताण देणारी पुली सोडली, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. कणीक किती घट्ट हवी हे ज्या अंगठ्याला कळतं त्याला हेही कळतं. आणि मग पान्हा लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं, पुरे दोन फेरे. कुठे काही अडलं, टक्क झालं, तर थांबायचं आणि हार मानायची. पहिला फेरा. ती श्वास धरून होती. महिपतही खुर्चीत पुढे झुकला होता. तो काय व्हावं म्हणून झुकला होता, ते त्याचं त्याला ठाऊक. दुसरा फेरा. कुठेही अडलं नाही. दोन्ही खुणा येऊन आपापल्या जागी उभ्या राहिल्या.

सगळं परत जोडता-जोडता साडेचार झाले. दिपेश लवकरच आला, टेम्पो गेटबाहेर, खांद्यावर दोरीचं वेटोळं. "चालू आहे काय काम? मी थांबतो काकू," म्हणून तो भिंतीला टेकला. कपडे वाळत घालणाऱ्या दोन-तीन बायकाही कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवंती सीटवर बसली. अकरा वर्षांनी बसली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तर पहिल्यांदाच. चावी फिरवली. इंजिन गरगरलं, खोकलं, बंद. पुन्हा फिरवली. खोकलं, बंद.

"झालं?" महिपतच्या आवाजात जीव आला. "सांगत होतो. लाव रे दोरी."

दिपेश जागचा हलला नाही. शेवंती उतरली, बॉनेटखाली बघत राहिली, आणि मग स्वतःलाच म्हणाली, "अगं बाई." एका प्लगची वायर खोचायचीच राहिली होती. ती खोचली आणि पुन्हा येऊन चावी फिरवली.

इंजिन लागलं. आधी दोन वर्षांचा धूर ओकलं, मग स्थिर झालं. थडथड नाही, खोकला नाही. मिक्सर हळू फिरावा तसा एकसारखा आवाज.

दिपेश पुढे आला, बॉनेटवर पंजा ठेवून ऐकत राहिला. "काका, ही तर अशी कधी वाजलीच नव्हती. मी या गाडीत शिकलेलो, मला माहितीय ना. काय केलंत काकू?"

"गाडी माझ्या नावावर आहे," महिपत म्हणाला. "तू ने."

"शब्द तुमचाच होता काका, मी फोनवर ऐकलेला. आणि भांडणातली गाडी मला नको." त्याने दोरी खाली ठेवली.

तेवढ्यात वरून गंगूबाईचा आवाज आला. सगळ्या इमारतीने ऐकावा असा.

"वाजणारच आता नीट! गेल्या वर्षी हिची पाळी गेली, विटाळ सरला. म्हणून गाडीनं ऐकलं. मी तेव्हाच म्हटलेलं की नाही?"

कठड्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दिपेशने मान खाली घातली. शेवंती महिपतकडे बघत होती. त्याला एक वाक्य बोलायचं होतं, फार नाही. तोंड शाबूत होतं, आई समोर होती, सगळी माणसं जमलेली होती. महिपतने आईकडे वर पाहिलं आणि म्हणाला, "असेल. तसंच असेल."

शेवंतीला वाटलं होतं तिला रडू येईल. आलं नाही. ती खिडकीची काच खाली करून त्याला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "मी एक चक्कर मारून येते. तेवढ्यात आईंना सांगा. त्या दसऱ्याचं सांगा आणि पांढऱ्या रंगाचंही सांगा. नाही सांगितलंत तर इथेच बसायचं. तुम्हाला वर न्यायला मी येणार नाही. दिपेश, तूही हात द्यायचा नाहीस रे."

"अगं, मला लघवीला..." महिपत म्हणाला.

"मग लवकर सांगा."

तिने गियर टाकला आणि गेटबाहेर पडली. दोनदा गाडी बंद पडली, मागच्या रिक्षावाल्याने आईबहीण काढली, तिने उलट काढली. पेट्रोल पंपाच्या पुढे पुलाचा चढ होता. तिसऱ्या गियरमध्ये गाडी तो सरळ चढून गेली आणि शेवंतीला कळेना की आनंद करावा की आठ वर्षांच्या नावाने बोंब मारावी. तिने दोन्ही केलं, काच लावून, एकटीने, मोठ्याने. मग वळवून परत आली.

दिपेश टेम्पो घेऊन गेला होता. बायका पांगल्या होत्या. महिपत खुर्चीत एकटा होता आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी बंद होती. भर एप्रिलात गंगूबाईने ती कधी लावली नव्हती.

"सांगितलं," महिपत म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कुंकू माझं चुकलं, ते मी देवीशी बघेन. तुला आठ वर्षं ठाऊक होतं, ते तू कोणाशी बघणार? आणि खिडकी लावली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

महिपतने तोंड उचललं. डोळे लाल होते, पण त्यात पश्चात्ताप शोधायला गेली असती तर शेवंतीला पुन्हा बॅटरी लागली असती. "मी काय सांगणार? आठ वर्षं तू तरी कुठे विचारलंस?"

शेवंती गाडीतून उतरली. हा माणूस चूक कबूल करतानाही अर्धी तिच्या पदरात टाकणार होता, आणि वाईट हे होतं की ते अर्धं खरं होतं. तोंड तिकडे कर म्हटल्यावर तिने खरंच केलं होतं. रंगाचा वास आला तेव्हाही विचारलं नव्हतं.

तिने गाडीची चावी ब्लाउजमध्ये खोचली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभा केला. पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा काळा पंजा उमटला.

"नव्हतं विचारलं," ती म्हणाली. "आता रोज विचारीन. डावा पाय आधी टाका."

आणि पहिल्या पायरीवरच तिने विचारायला सुरुवात केली.